लेबल खरवडलेली बाटली

स्फाक्सच्या तेलबाजारात शादली ट्रीकी यांच्याविषयी दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत होते: त्यांच्या नाकाला फसवणे अशक्य आणि त्यांच्यासोबत चहा पिणे कठीण. उभे आयुष्य त्यांनी ऑलिव्हचे तेल चाखून त्याची प्रत ठरवण्यात घालवले. लहानशा निळ्या काचेच्या पेल्यात तेल ओतायचे, तळहाताच्या उबेत ते धरायचे, दुसरा तळहात झाकणासारखा वर ठेवायचा आणि मग नाक आत घालून एकच दीर्घ श्वास घ्यायचा. पेला निळा अशासाठी, की तेलाचा रंग दिसू नये. रंग पाहून माणूस भुलतो, वासाने भुलत नाही, असे ते शिकाऊ मुलांना बजावत. नव्या तेलात गेल्या हंगामाचे तेल मिसळून आणणारे व्यापारी त्यांच्यासमोर खोकत, घाम पुसत, मुलाबाळांच्या शपथा घेत. शादली पेला खाली ठेवून एवढेच म्हणत, "घेऊन जा."

या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या: निवृत्तिवेतन आणि संशय. पहिले नेहमीच अपुरे पडले. दुसऱ्याची चणचण त्यांना कधी भासली नाही.

पत्नी वारल्यानंतर ग्रेम्दा रस्त्यावरच्या त्यांच्या बागेतल्या घरात एकुलती एक मुलगी नाएला आणि जावई हातेम राहायला आले. हातेमचे औषधांचे दुकान त्याच रस्त्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर होते. जावई स्वभावाने मऊ, बोलण्यात गोड आणि उत्तर देण्याआधी क्षणभर थांबणारा. शादलींना तो क्षणच खटके. खऱ्या उत्तराला वेळ लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

गेल्या शरदात, ऑलिव्हच्या तोडणीपूर्वी, बागेत शिडी लावताना त्यांच्या छातीवर कोणीतरी दगड ठेवल्यासारखे झाले. हातेमने धावपळ करून त्यांना आपल्या वर्गमित्राच्या, डॉक्टर मुराद यांच्या खासगी रुग्णालयात नेले. हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी बुजत आली होती. मनगटातून तार घालून तिच्यात धातूची जाळी बसवण्यात आली. सगळे जग तिला स्टेंट म्हणते. काम झाल्यावर डॉक्टर मुराद खोलीबाहेर हातेमशी बोलले, हातेम नाएलाशी बोलला आणि नाएला आत येऊन वडिलांना म्हणाली, "सगळं छान झालं, बाबा."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं."

रुग्णाच्या देहात काय सापडले आणि काय घातले, हे रुग्ण सोडून साऱ्या गोतावळ्याला ठाऊक असावे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. डॉक्टर ती पाळतात, मौलवी तिला पुण्य मानतात आणि घरचे लोक तिला माया म्हणतात. ज्याच्या छातीत जाळी बसली त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुला ही माया हवी आहे का?

घरी परतल्यावर औषधे सुरू झाली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, चरबीची एक, रक्तदाबाची एक. ही सारी आपापल्या खोक्यांत होती, खोक्यांवर नावे होती आणि शादली ती नावे चष्मा लावून मोठ्याने वाचत. एकच औषध मात्र तपकिरी बाटलीत होते आणि त्या बाटलीचे लेबल नखाने किंवा चाकूने खरवडून काढलेले होते. काचेवर गोंदाचा पांढुरका डाग तेवढा उरला होता.

"ही कसली गोळी?"

हातेम क्षणभर थांबला. "पोटाची, बाबा. बाकीच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत ना, म्हणून."

"नाव?"

"नाव घेऊन काय करायचंय? सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर घ्यायची. विसरायची नाही."

"लेबल कुठे गेलं?"

"भिजलं होतं."

हातेम दुकानावर गेल्यावर शादलींनी बाटली उघडली, झाकण बाजूला ठेवले, तळहाताने तोंड झाकले आणि सवयीप्रमाणे नाक जवळ नेले. मासळीचा वास आला. बंदरावर दुपार उलटल्यावर टोपलीच्या तळाशी जे सार्डिन उरतात, त्यांचा शिळा, खारट, किंचित आंबूस वास. औषधाला मासळीचा वास यावा, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. माल जुना होता. मुदत संपलेला होता. दुकानात खपत नाही ते सासऱ्याच्या पोटात खपवायचे, आणि मुदतीची तारीख दिसू नये म्हणून लेबल खरवडायचे! तेलबाजारात त्यांनी यापेक्षा कच्चे चोर पाहिले नव्हते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करणाऱ्याला पुरावा मिळत नाही. जेवताना नाएलासमोर ते गोळी तोंडात टाकत, गालात दाबून धरत, वरून पाणी पीत आणि मग खोलीत जाऊन ती तेलाच्या नमुन्यांच्या एका मोठ्या रिकाम्या कुपीत ठेवत. कपाटाच्या मागच्या कप्प्यात ती कुपी भरत राहिली. एक दिवस हे सारे वैद्यक मंडळाच्या मेजावर ओतायचे, असा त्यांचा बेत होता.

आणि संशयाला एकदा दार उघडले, की त्याचे सोयरे मागोमाग आत येतात. चहा गोड लागेनासा झाला. साखरेऐवजी कसली तरी पांढरी टिकली चहात पडते, हे त्यांच्या जिभेने पहिल्याच घोटाला ओळखले. फोडलेल्या खजुरांची थाळी मेजाच्या दूरच्या टोकाला सरकली. ते स्वयंपाकघरात शिरले, की आतली कुजबुज थांबे आणि नाएला मोठ्या आवाजात हवेविषयी बोलू लागे. पुढे ईद आली. ईदच्या सकाळी स्फाक्समध्ये कुठल्याही घरी खारवलेली मासळी आणि मनुकांची, कांद्याची, तासन्‌तास शिजवलेली गोड शरमूला असतेच. ती नसली तर ईद झाली असे कोणी मानत नाही. शादलींनी पाव फोडून शरमूलेत बुडवण्यासाठी हात पुढे केला, तोच नाएलाने वाडगे उचलले.

"बाबा, मासळी घ्या ना. यंदा मासळी फार छान मिळालीय."

"मी शरमूला मागतोय."

"ती जरा करपलीय."

"करपलेली मला वासाने कळते. ही करपलेली नाही. ती तुझ्या नवऱ्याच्या पानात चार चमचे आहे, माझ्याच पानात करपते होय?"

हातेम हसला. "घ्या हो बाबा, एक घास. पण एकच."

"माझ्या घरात, माझ्या बायकोच्या वाडग्यातून, किती घास घ्यायचे ते आता जावई ठरवणार!"

ते उठून बागेत गेले. पाठीमागे नाएला रडत होती आणि हातेम खालच्या आवाजात तिला सांगत होता, "आत्ता नको. मुरादलाही मी तेच सांगितलंय ना, आत्ता नको." शादलींनी ते वाक्य ऐकले आणि मनात नीट घडी घालून ठेवले. आत्ता काय नको? त्यांना मारणे?

वसंत सरत आला आणि छातीवरचा दगड परत आला. प्रथम चढावर, मग सपाट रस्त्यावर, मग केवळ बाजाराची पिशवी उचलताना. डॉक्टर मुराद यांनी तपासणी केली आणि यावेळी, शादली समोरच बसले असल्यामुळे, नाइलाजाने त्यांनाच सांगितले.

"शादलीकाका, जाळीच्या आत नळी पुन्हा अरुंद झाली आहे."

"म्हणजे जाळी खराब होती."

"जाळी खराब नसते हो. काही माणसांत आतून नव्या त्वचेसारखी वाढ होते. थोड्याच जणांत होते, पण होते."

"त्या थोड्यांत मी का?"

डॉक्टरांनी हातेमकडे पाहिले. हातेमने जमिनीकडे पाहिले. तेलाच्या सौद्यात असे पाहणे शादलींनी हजारदा पाहिले होते: दलाल व्यापाऱ्याकडे पाहतो आणि व्यापारी पायाकडे.

"उशीर करू नका," डॉक्टर म्हणाले. "पुढची मुख्य वाहिनी आहे. धाग्याएवढी जागा उरलीय. ती पूर्ण बंद झाली तर आम्हालाही काही करता यायचं नाही. याच आठवड्यात आत जाऊन मोकळी करू."

"तुम्हीच करणार?"

"मीच. का?"

"काही नाही," शादली म्हणाले. ज्याने कुलूप बिघडवले, त्याच्याच हाती पुन्हा किल्ली द्यायची, एवढे खुळे ते झाले नव्हते.

घरी नाएलाने हात जोडले, पाया पडली, आईची आठवण काढली. "बाबा, तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

"दुकानाकडे बघ."

"हे असं तोडून का बोलता? हातेम रात्ररात्र झोपत नाही तुमच्या काळजीनं."

"झोपणार कसा? मनात काही असलं की झोप येत नाहीच."

मग एका सकाळी त्यांनी स्वच्छ सदरा घातला, डोक्यावर लाल शेशिया टोपी ठेवली आणि एल जेमला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी कोणी वारले, मातमपुर्सीला जातो, असे सांगून ते निघाले. पिशवीत दोन वस्तू होत्या: डॉक्टर मुराद यांच्या रुग्णालयातून गोड बोलून मिळवलेली पहिल्या तपासणीच्या चित्रांची चकती, म्हणजे सीडी, आणि गोळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली काचेची कुपी. सामायिक टॅक्सी एल जेमला थांबली तेव्हा ते उतरले नाहीत. ते सरळ पुढे, सूस शहराला गेले. स्फाक्सच्या माणसाने सूसच्या माणसावर विश्वास टाकावा, हे त्यांच्या पिढीला लाजिरवाणे होते. परंतु सूसमध्ये हातेमचा एकही वर्गमित्र नाही, एवढी चौकशी त्यांनी आधीच केली होती.

तिथल्या सरकारी रुग्णालयात त्यांची गाठ डॉक्टर रीम जाझी यांच्याशी पडली. पन्नाशीच्या बाई, आवाज बसलेला, बोलणे तुटक. त्यांनी चकती पाहिली, छाती तपासली आणि विचारले, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मुलगा? मुलगी? जावई?"

"छाती माझी आहे. बोलायचं ते माझ्याशी बोला."

डॉक्टर रीम यांनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. "बरं. तर ऐका. दाखल व्हा, उद्या सकाळी आत जाऊन बघू. जाताना त्रास झाला तर वाटेतच संपाल, म्हणून परत पाठवत नाही."

"माझी अट आहे."

"इथे लोक खाटेसाठी अर्ज करतात, अटी घालत नाहीत."

"आत गेल्यावर आधी मला ती जाळी दाखवायची. आहे का, कसली आहे, नीट उघडली आहे का. मी बघितल्याशिवाय आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही."

बाईंनी लगेच मान डोलावली. "आतून चित्र काढणारी बारीक तार आहे आमच्याकडे. तुम्ही म्हणाला नसतात तरी मी ती घातलीच असती. जाळी पुन्हा अरुंद का झाली हे न बघता तिच्यात फुगा फुगवणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं. दाखवीन."

शादलींना उत्तर आवडले. ते उत्तर क्षणभरही थांबले नव्हते.

संध्याकाळी एक दणकट बांध्याची परिचारिका आली आणि तिने त्यांच्या बोटाला सुई टोचली.

"हाज, साखरेची गोळी कुठली घेता?"

"मी हजला गेलेलो नाही. आणि मला साखर नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती यंत्राकडे पाहत म्हणाली. "मागच्या खाटेवरचे तर म्हणतात, साखर मला नाही, बायकोला आहे, मी फक्त तिची गोळी खातो."

"बाई, तुमची खाट चुकलीय. नीट बघा."

"खाट बरोबर आहे, हाज. आकडा तेवढा चुकलाय, फार वर गेलाय," असे म्हणून तिने दंडात इन्सुलिन दिले. शादलींनी तिचे नाव विचारून लक्षात ठेवले. दुसऱ्या कोणाचे रक्त त्यांच्या नावावर मांडणारे हे रुग्णालय! स्फाक्स सोडून सूसला आल्याने लबाडी फक्त गाव बदलते, असे त्यांना वाटून गेले आणि पिशवी त्यांनी उशाखाली ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी थंडगार खोलीत त्यांना उताणे निजवले. मनगट बधिर झाले. डोक्याच्या बाजूला पडदे होते आणि मान वळवून ते पाहत होते, एका श्वासाचीही उसंत न घेता. हृदयाच्या अंगावरून वाहिन्यांच्या काळ्या फांद्या उमटल्या आणि विरल्या. त्यांतली एक फांदी मध्येच चिमटा घेतल्यासारखी बारीक झाली होती.

"ही ती जागा," डॉक्टर रीम मुखपट्टीआडून म्हणाल्या. "आता तार आत घालते. दुसऱ्या पडद्याकडे बघा. नळी आडवी कापून तोंडाकडून बघावी तसं दिसेल."

करड्या धुक्यात एक वर्तुळ उमटले. वर्तुळावर पांढरे चकचकीत ठिपके होते, सारख्या अंतरावर, हारातल्या मण्यांसारखे.

"हे ठिपके म्हणजे तुमची जाळी."

"सगळीकडे आहे?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"उघडली आहे पूर्ण?"

"माझ्या हातून जशी उघडावी अशी माझी इच्छा असते, तशी उघडली आहे. भिंतीला चिकटून बसलीय. कुठे मोडलेली नाही. आकार बरोबर घेतलाय. ज्यानं बसवली त्यानं काम चोख केलंय. जातही चांगली आहे, औषध लावलेली."

शादली ठिपके मोजत राहिले. तेल शुद्ध निघाले की व्यापाऱ्यांना आनंद होई. त्यांना मात्र का कोण जाणे, नेहमी थोडे रिकामे वाटे. आजही तसेच वाटले.

"मग आत हे काय भरलंय?" ठिपक्यांच्या आत राखाडी, जाड थर होता आणि मधोमध खिळ्याच्या टोकाएवढे काळे छिद्र.

"ती तुमची स्वतःची वाढ. बाहेरून कोणी आणलेली नाही. जाळीची जखम भरताना शरीर जरा जास्तच भरून काढतं. आणि साखर अशी मोकाट सुटलेली असली तर त्याला खतपाणीच मिळतं. तुम्ही गोळ्या घेत नाही का?"

शादलींनी नजर पुन्हा ठिपक्यांकडे वळवली.

"ते नंतर बोलू. आता माझी बाजू सांगते. आधी कडक फुगा फुगवून हा थर दाबीन. मग औषध माखलेला दुसरा फुगा जरा वेळ दाबून धरीन, म्हणजे ते औषध भिंतीत मुरेल आणि वाढ पुन्हा लवकर होणार नाही. धातूवर धातूचा दुसरा थर नको. आधीचा चांगला आहे. हो म्हणता?"

त्या खोलीत शादलींना ते वाक्य विचित्र वाटले. त्यांच्या देहाविषयीचा प्रश्न, त्यांच्याकडे पाहून, त्यांनाच विचारलेला.

"हो," ते म्हणाले.

फुगा फुगला तेव्हा दगड पुन्हा छातीवर येऊन बसला, घाम फुटला, आणि मग तो उतरला. पडद्यावरचे काळे छिद्र रुंद झाले होते.

दुपारी डॉक्टर रीम खाटेशी आल्या. शादलींचा पहिला आरोप निकालात निघाला होता. दुसरा अजून शिल्लक होता. त्यांनी उशाखालून कुपी काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"वास घ्या."

बाईंनी झाकण काढले. नाकाशी नेण्याआधीच त्या थांबल्या. "मेटफॉर्मिन."

"म्हणजे?"

"साखरेची गोळी. तिला हा मासळीचा वास असतोच, निदान या बनावटीच्या गोळीला तरी. कितीतरी लोक तक्रार करतात. कुठून आणल्यात एवढ्या?"

"जावयानं दिल्या. पोटाच्या म्हणून."

"आणि तुम्ही त्या…"

"साठवल्या," शादली म्हणाले. "पुरावा म्हणून."

बाईंनी कुपी तिरपी केली. गोळ्या खडखडल्या. मग बाई खाटेच्या कडेवर बसल्या, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हते.

"म्हणजे शरदापासून तुम्हाला साखर आहे, घरच्यांना ठाऊक आहे, तुम्हाला नाही. त्यांनी औषध दिलं, तुम्ही घेतलं नाही. त्यांना वाटलं तुम्ही घेताय. आणि आतली वाढ बिनधास्त होत राहिली. वाढ केवळ त्यामुळेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तिला वाट करून दिलीत, दोन्ही बाजूंनी." त्या उठल्या. "पुन्हा बुजली, तर फुग्यावर भागेलच असं नाही. छाती उघडावी लागेल. तेव्हा तुमच्या घरात जे काही चाललंय ते निस्तरा. या गोळ्या फेका. तपासणीत रक्तात सोडलेल्या औषधामुळे दोन दिवस थांबा, मग नवीन खोक्यातल्या सुरू करा. मुलीचा फोन नंबर द्या."

"कशाला?"

"मातमपुर्सीला जातो असं घरी सांगून आलात, हे तुम्हीच परिचारिकेला बोललात. आता त्या बिचारीला वाटत असेल, तुमचीच मातमपुर्सी करायची आहे."

संध्याकाळी नाएला आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मागे हातेम, हातात नारिंगांची पिशवी, जी त्याने, गोड फळ आणल्याचे ध्यानात येऊन, दारातच लपवण्याचा प्रयत्न केला. शादलींनी दोघांना बसायला सांगितले नाही. कुपी त्यांनी खाटेवरच्या मेजावर ठेवली.

नाएलाने ती ओळखली नाही. हातेमने आतल्या गोळ्या ओळखल्या. त्याचा चेहरा उतरला आणि तो यावेळी क्षणभरही न थांबता म्हणाला, "बाबा, एकही घेतली नाहीत?"

"एकही नाही."

"या अल्ला," नाएला खाली बसली. "मी रोज समोर बसून… रोज तुम्हाला पाणी देत होते…"

"पाणी मी पीत होतो."

"माझ्याशी असं खोटं वागलात तुम्ही?"

"मी?" शादलींचा आवाज चढला, तशी शेजारच्या खाटेवरची कुजबुज थांबली. "लेबल कुणी खरवडलं? शरमूला कुणी उचलली? सूसमधल्या एका परक्या नर्सनं मला सांगावं, की मला कसला आजार आहे? मी काय घरातलं मांजर आहे, दुधातून औषध पाजायला?"

"तुम्हीच सांगितलं होतंत!" नाएलाही उभी राहिली. "साखरेपायी सालेमकाकांचा पाय कापला आणि ते गेले, तेव्हा दफनाहून परत आल्यावर, अंगणात, सगळ्यांसमोर काय म्हणालात? म्हणालात, हा आजार मला झाला तर मला सांगू नका, मी त्याच दिवशी विहीर जवळ करीन. मी तेव्हा तिथे होते, बाबा. आणि विहीर अजून आपल्या बागेत आहे!"

शादलींना ते अंगण आठवले. ते बोलले होते. थोरल्या भावाची खाट धुऊन ठेवलेली होती, कोणीतरी कडू कॉफी फिरवत होते, आणि ते बोलले होते.

"अशा वेळी माणूस काहीही बोलतो," ते अखेर म्हणाले. "त्याचं कोणी शपथपत्र करून घेतं का?"

"मला वाटलं, खरं बोलताय. तुम्ही कधी काही उगीच बोलत नाही ना!"

हातेमने घसा खाकरला. "मुरादनं विचारलं होतं, सांगू का म्हणून. मीच म्हणालो, आधी जरा सावरू देत. मग लांबत गेलं. चूक माझी आहे."

"तू गप्प बस," सासरा आणि बायको एकाच वेळी म्हणाले.

शादली जावयाकडे पाहत राहिले. या मऊ माणसाला त्यांनी ऑलिव्हच्या तोडणीपासून आजपर्यंत मनातल्या मनात खुनी ठरवले होते, आणि तो सासऱ्याला जगवण्यासाठी बाटल्या खरवडत होता. त्यांना त्याची क्षमा मागावीशी वाटली नाही. त्यांना अधिक राग आला. ज्याला चोर मानले तो चोर नाही, एवढ्याने त्याचे खोटे खरे होत नाही. चोर निदान स्वतःसाठी फसवतो. या दोघांनी त्यांच्याच भल्यासाठी त्यांना फसवले आणि त्यामुळे त्यांना तक्रार करायला जागा उरली नाही. असल्या अपराधाची फिर्याद घेणारे मंडळ या देशात अजून स्थापन व्हायचे आहे.

"दुसरं काय लपवलंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही, बाबा."

"मूत्रपिंड? डोळे?"

"काही नाही. शपथ."

"तेलवालेही शपथ घेत."

"मग आम्ही काय करायचं?" नाएला थकून म्हणाली.

घरी परतल्यावर काय करायचे, ते त्यांनी ठरवले. औषधांची सारी खोकी जेवणाच्या मेजावर, उघड्यावर, नावे वरच्या बाजूला करून मांडली गेली. तपासणीला शादली यापुढे एकटे आत जाणार होते आणि नाएला बाहेर बाकावर बसणार होती. डॉक्टर मुराद यांना त्यांनी स्वतः फोन केला. तो संवाद छोटा होता आणि त्यात आभाराचा शब्द नव्हता, तरी पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी त्यांच्याचकडे घेतली. जाळी चोख बसली आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि पाहिलेल्यावर ते अन्याय करत नसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाएलाने नवे, बंद खोके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी शिक्का पाहिला. मुदतीची तारीख वाचली. नाव मोठ्याने वाचले, अक्षर न गाळता. मग एक गोळी काढून सवयीने निळ्या पेल्यात टाकली, वर तळहात ठेवला आणि वास घेतला.

"मासळी," ते म्हणाले.

"मासळीच, बाबा."

"हातेमला सांग, माल ताजा असला तरी घाण आहे."

"सांगते. घ्या आता."

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, वरून पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला. नाएला उठली नाही. हनुवटीखाली हात ठेवून ती त्यांच्या उजव्या गालाकडे पाहत राहिली, जसे ते व्यापाऱ्यांच्या हाताकडे पाहत असत.

"काय बघतेस?"

"तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा, बाबा. जीभ वर करा."

मेजावर खोकी मांडलेली होती, खिडकीबाहेर बागेत हातेम विहिरीवर नवे लोखंडी झाकण बसवत होता आणि त्याच्या ठोक्यांचा आवाज येत होता. शादली ट्रीकी यांनी मुलीकडे एकदा रोखून पाहिले, मग मान मागे टाकून तोंड उघडले.

"दुसऱ्या बाजूनं," नाएला म्हणाली.